उभ्या झाडातला वाढीचा ताण कसा मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लागवडीतल्या झाडांचा ताण मोजायला लागलं की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. लागवड करणारे विचारतात, सॉ मिलवाले विचारतात, नव्याने या कामात शिरलेले विद्यार्थीही विचारतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. शब्दांचं आधीच सांगून ठेवतो. मराठीत ‘ताण’ म्हणजे स्ट्रेसही आणि टेन्शनही, त्यामुळे बोलताना घोळ होतो. इथे सगळ्या प्रकाराला ‘वाढीचा ताण’ म्हटलं आहे, खेचणाऱ्या बलाला ‘ओढ’ आणि रेटणाऱ्या बलाला ‘दाब’.

वाढीचा ताण म्हणजे काय? झाड तर शांत उभं असतं.

दिसतं शांत. आत मात्र खोडाचं बाहेरचं लाकूड लांबीच्या दिशेने ओढलेलं असतं आणि गाभ्याकडचं लाकूड दाबलेलं. दोन्ही एकमेकांना तोलून धरतात, म्हणून बाहेरून काही कळत नाही. हा ताण झाडाच्या वजनाचा नाही आणि वाऱ्याचाही नाही. झाड आडवं पाडलं, फांद्या छाटल्या, तरी ओंडक्याच्या बहुतेक लांबीत तो तसाच राहतो. करवत घातली की तोल मोडतो. निलगिरीचा ओंडका उभा चिरताना ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पातं पुढे सरकतं तसे दोन्ही भाग मागे आपोआप फाकत जातात, जणू आतून कोणी पाचर ठोकतंय.

पण हा ताण येतो कुठून?

सालीखालच्या कॅम्बियमच्या थरातून लाकडाची नवी पेशी बाहेर पडते तेव्हा तिची भिंत पातळ असते. पुढे आतून जाड भिंत चढते, सेल्युलोजचे धागे रचले जातात, त्यांना बांधणारा लिग्निन हा पदार्थ भरतो. या पक्व होण्याच्या काळात पेशी लांबीला किंचित आखूड आणि रुंदीला किंचित जाड व्हायला बघते. मात्र तोवर ती शेजारच्या जुन्या, घट्ट झालेल्या लाकडाला चिकटलेली असते. आखूड व्हायला वाव नसतो. ती ओढलेल्या अवस्थेतच राहते आणि आतल्या लाकडाला दाबते. वर्षानुवर्षं थरावर थर चढतात आणि प्रत्येक नवा थर आतल्यांवर थोडा दाब वाढवतो.

पेशी आखूड व्हायला का बघते, यावर बराच वाद झाला. संशोधक बॉइड यांच्या मते भिंतीत भरणारं लिग्निन फुगतं, पेशी रुंद होते आणि म्हणून आखूड होते. बॅम्बर यांच्या मते सेल्युलोजचे धागेच आकसतात. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या ओकुयामा आणि यामामोटो यांनी दोन्ही मतं एकत्र बांधली. भिंतीतल्या सेल्युलोजच्या धाग्यांचा पेशीच्या लांबीशी असलेला कल, म्हणजे मायक्रोफायब्रिल कोन, लहान असेल तर धाग्यांचं आकसणं वरचढ ठरतं आणि पेशी ओढते. तो कोन मोठा असेल तर लिग्निनचं फुगणं वरचढ ठरतं आणि पेशी उलट लांबीला रेटते. मोजणाऱ्याला यातली एक गोष्ट पुरे: ताणाचा आकडा बदलला तर बहुतेकदा लाकडाची जातकुळीही बदललेली असते.

ओढ किती आतपर्यंत असते?

क्यूब्लर यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, खोड गोल आणि सगळीकडून सारखं वाढलेलं असेल तर गाभ्यापासून त्रिज्येच्या सुमारे ६१ टक्के अंतरावर ताण शून्य होतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या खोडात ही जागा मध्यापासून साधारण ९ सेंटिमीटरवर येते. बाहेरचे ६ सेंटिमीटर ओढलेले आणि आतलं सगळं दाबलेलं. ऐन गाभ्याशी हे गणित अनंत दाब दाखवतं. तेवढा दाब लाकूड सोसत नाही, त्याआधीच तिथले तंतू चुरडतात. जाड, म्हाताऱ्या निलगिरीच्या मधोमध जो ठिसूळ गाभा सापडतो तो असाच झालेला असतो.

झाडाला याचा काही उपयोग आहे, की नुसती लाकूड कापणाऱ्यांना शिक्षा?

उपयोग आहे, आणि मोठा आहे. लाकूड ओढ जितकी सहन करतं तितका दाब सहन करत नाही. वाऱ्याने खोड वाकलं की आडोशाकडची बाजू दाबली जाते, आणि खोड तुटायचं तर आधी तिथे चिरडतं. ती बाजू मुळातच ओढलेली असेल तर वाऱ्याच्या दाबाला आधी ती ओढ संपवावी लागते. पूर्वताणित काँक्रीटच्या तुळईत तारा ओढून ठेवतात त्यामागचं तत्त्व हेच, फक्त उलट्या बाजूने. तिथे काँक्रीटला ओढ झेपत नाही म्हणून आधी दाब देऊन ठेवतात.

दुसरा उपयोग वळण्याचा. कललेलं झाड एका बाजूला जास्त ओढीचं किंवा रेटणारं लाकूड घालून स्वतःला सरळ करत जातं. जाड खोडाला वळायला दुसरा मार्ग नाही.

लाकडाच्या दर्जावर नेमका कुठे परिणाम होतो?

सगळ्यात आधी ओंडक्याच्या तोंडाला. झाड पाडून आडवा काप दिला की काही वेळातच मध्यातून बाहेरच्या दिशेने चिरा पडतात, कधी करवत बाहेर निघण्याच्या आत. मग चिरताना पातं आवळलं जातं, फळी पात्यापासून दूर पळते किंवा पात्यावर येते, आणि जाडी एका टोकाला एक नि दुसऱ्या टोकाला दुसरी येते. कापून झालेली फळी धनुष्यासारखी वाकते. बाहेरचं लाकूड सुटल्यावर आखूड होतं, आतलं लांब होतं, त्यामुळे बाक नेहमी सालीच्या बाजूला आत वळलेला असतो. ढिगातली फळी ओंडक्यात कुठल्या अंगाने बसलेली होती हे त्यावरून सांगता येतं.

कागदाच्या लगद्यासाठी लाकूड जाणार असेल तर यातलं फारसं काही आड येत नाही. म्हणूनच निलगिरीच्या कित्येक लागवडी वर्षानुवर्षं ताणाचा विचार न करता उभ्या राहिल्या. त्याच झाडांच्या फळ्या काढायचं मनात आलं तेव्हा हा प्रश्न अंगावर आला.

ओंडक्याच्या चिराच मोजल्या तर? उभ्या झाडामागे कशाला लागायचं?

चिरा मोजाव्यातच, त्या फुकट मिळणारी माहिती आहेत. पण एक तर झाड गेलेलं असतं. जे झाड चांगलं निघालं त्याच्यापासून रोपं करायची असतील तर ते उभं हवं. दुसरं, चिरा फक्त ताणावर अवलंबून नसतात. लाकूड आडवं किती घट्ट आहे, झाड पडताना आपटलं का, तोंड उन्हात किती तास राहिलं, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. दोन ओंडक्यांमध्ये ताण सारखा असूनही एक फाटतो आणि दुसरा जरासा तडकतो.

मोजायच्या पद्धती कोणत्या?

मूळ कल्पना सगळ्यांची एकच: लाकडाचा छोटा भाग आजूबाजूच्या बंधनातून मोकळा करा आणि तो किती हलला ते बघा. ऑस्ट्रेलियात जेकब्स यांनी १९३०च्या दशकात ओंडके पट्ट्यापट्ट्यांनी चिरून प्रत्येक पट्टी किती आखूड किंवा लांब झाली ते मोजलं आणि बाहेर ओढ, आत दाब हे चित्र समोर ठेवलं. त्याला अख्खा ओंडका लागे. १९७१ मध्ये निकल्सन यांनी कामाचा वेग वाढवणारी रीत दिली. पृष्ठभागावर दोन खुणेचे बिंदू बसवायचे, अंतर मोजायचं, तेवढा लाकडाचा तुकडा कापून काढायचा आणि अंतर पुन्हा मोजायचं.

आज उभ्या झाडावर मुख्यतः दोन रीती चालतात. पहिलीत स्ट्रेन गेज नावाची चिमुकली पट्टी सोललेल्या लाकडावर चिकटवतात, तिच्या वर आणि खाली करवतीने आडव्या खाचा पाडतात, आणि मधलं लाकूड किती आकसलं ते विजेच्या रोधातल्या बदलावरून वाचतात. दुसरी एका भोकाची रीत, फ्रान्सच्या सिराद (CIRAD) या संशोधन संस्थेने रूढ केलेली. तंतूंच्या दिशेत ४५ मिलिमीटर अंतरावर दोन पिना ठोकायच्या, मध्ये २० मिलिमीटर व्यासाचं भोक पाडायचं, आणि पिनांमधलं अंतर किती बदललं ते डायल गेजवर मायक्रोमीटरमध्ये वाचायचं.

स्ट्रेन गेजचा आकडा थेट असतो, समजायला सोपा असतो. पण गोंद, तारा, ओलावा, तापमान हे सगळं सांभाळत जंगलात दिवसाला फार झाडं होत नाहीत. भोकाची रीत राकट आहे आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे. का, ते ‘किती जागा’ या प्रश्नाच्या उत्तरात येईल.

एका जागेचं मोजमाप प्रत्यक्षात कसं होतं?

छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, गाठ किंवा जखम नसलेली जागा निवडतो. सालीचा पोस्टकार्डाएवढा चौकोन आखून चाकूने कापतो आणि सोलून काढतो. झाड वाढीत असेल तर साल एका ओढीत निघते आणि खालचं लाकूड ओलं, गार, बुळबुळीत लागतं. हा बुळबुळीत थर म्हणजे अजून न पिकलेल्या पेशी. त्यांच्यात पिन धरत नाही, गेजही चिकटत नाही. पटाशीच्या पाठीने तो हलक्या हाताने खरवडायचा. खाली घट्ट लाकूड लागलं की थांबायचं, लाकूड तासायचं नाही.

मग तंतूंची दिशा. इथे घाई नडते. खोडाची दिशा आणि तंतूंची दिशा एकच असेल असं नाही, कित्येक झाडांत पीळ असतो. सुईने बारीक रेघ ओढली की ती तंतूंच्या बाजूने घसरते, त्यावरून दिशा कळते. साच्यातून दोन पिना ठोकायच्या, त्यांवर गेज टेकवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि ड्रिल सुरू करायचं. पहिले काही मिलिमीटर काटा ढिम्म असतो. मग सरकू लागतो, ३०, ५०, ७०, आणि भोक आपल्या व्यासाइतकं खोल जाईपर्यंत जवळजवळ थांबलेला असतो. सरावलेल्या माणसाला एका जागेला काही मिनिटं पुरतात.

ड्रिलचं बिट धारदार हवं. एकदा बोथट बिटाने काम रेटत होतो. झाडाला हादरे बसत होते आणि एक पिन सैल झालेली माझ्या लक्षात आली नाही. काटा २० वर थांबला. मी खुशीत ‘ताण अगदी कमी’ असं लिहून टाकलं. ते झाड पाडलं तेव्हा ओंडक्याचं तोंड मध्यापासून सालीपर्यंत फाटलं. तेव्हापासून वाचन झालं की दोन्ही पिना बोटाने हलवून बघतो, आणि पिन हलली तर आकडा खोडतो.

ओढलेलं लाकूड सुटलं की आखूड होतं म्हणता, मग भोक पाडल्यावर पिना एकमेकींपासून दूर कशा जातात?

हा प्रश्न विचारणारा लक्ष देऊन ऐकत असतो. खाचा पाडून तुकडा वेगळा केला तर तुकडा सुटतो आणि आखडतो, म्हणून स्ट्रेन गेज आखूड झाल्याचं दाखवतो. भोकात उलटं होतं. तिथे पिना मोकळ्या झालेल्या तुकड्यावर नसतात, भोकाच्या वर आणि खाली उरलेल्या लाकडावर असतात. मधलं लाकूड त्यांना एकमेकींकडे धरून होतं. ते काढलं, पकड सुटली, आणि भोक तंतूंच्या दिशेने किंचित लांबट झालं. ताणलेल्या कापडाला भोक पाडलं की ते ओढीच्या दिशेने फाकतं, तसंच. म्हणून भोकाच्या रीतीत पिना दूर गेल्या तर ओढ, जवळ आल्या तर दाब. दोन रीतींची वाचनं एकाच तक्त्यात चिन्हं न तपासता घातली तर सगळा तक्ता वाया जातो.

गेजवरच्या आकड्याचा ताण कसा काढायचा?

स्ट्रेन म्हणजे लांबीतला बदल भागिले मूळ लांबी. त्याचा दशलक्षावा भाग म्हणजे एक मायक्रोस्ट्रेन. समजा स्ट्रेन गेजने ८०० मायक्रोस्ट्रेन दाखवला आणि त्या ओल्या लाकडाचा लवचीकता गुणांक, म्हणजे ताठपणा, १२ गिगापास्कल आहे. दोन्हींचा गुणाकार ९.६ मेगापास्कल. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ९८ किलो वजनाइतकी ओढ, आणि तीही काही न करता उभ्या असलेल्या झाडात.

भोकाच्या रीतीतले मायक्रोमीटर मात्र थेट ४५ मिलिमीटरने भागायचे नाहीत. भोकाभोवती ताणाची वाटणी बदलते आणि ती लाकडाच्या उभ्या-आडव्या घट्टपणावर अवलंबून असते. त्यासाठी प्रजातीनुसार गुणक लागतो. नुसती झाडं आपापसात ताडून बघायची असतील तर गुणकाच्या भानगडीत न पडता मायक्रोमीटरच वापरावेत.

किती आकडा म्हणजे जास्त?

निलगिरीच्या साध्या लाकडात काहीशे ते हजारेक मायक्रोस्ट्रेन हे नेहमीचं. दोन हजारांच्या पुढे आकडा गेला की बहुधा टेन्शन वुड, म्हणजे कललेल्या झाडाने घातलेलं जास्त ओढीचं लाकूड, लागलेलं असतं. पण एकच रेषा ओढून ‘याच्या खाली चांगलं’ असं कुणी सांगत असेल तर त्याला आधी विचारा, त्या लाकडाचं करायचं काय आहे. मोठ्या, लांब फळ्या काढणाऱ्याची मर्यादा आणि आखूड तुकडे जोडून काम करणाऱ्याची मर्यादा एक असूच शकत नाही.

एका झाडावर किती जागा मोजाव्यात?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. एक जागा म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एकाच खोडाच्या भोवती ताण दुपटीने कमी-जास्त होतो.

समजा एका झाडावर दर ४५ अंशांवर, अशा आठ जागी भोकं पाडली आणि ओळीने ही वाचनं आली: ६२, ५८, ७१, ६६, १४८, ९०, ६०, ५५ मायक्रोमीटर. आठांची सरासरी ७६. आता कुणी कामाला कंटाळून चारच जागा घेतल्या. पहिलीपासून एकाआड एक घेतल्या तर सरासरी ८५ येते. दुसरीपासून एकाआड एक घेतल्या तर ६७. झाड तेच, माणूस तोच, फक्त सुरुवात ४५ अंश सरकली. आणि दुसऱ्या वेळी १४८ चा आकडा वहीत आलाच नाही. ओंडका फाडणारी बाजू तर तीच.

म्हणून मी राकट पण झटपट रीत घेतो आणि जागा वाढवतो. एका जागी चौथ्या अंकापर्यंत अचूक मोजून उरलेलं खोड अंधारात ठेवण्यापेक्षा आठ जागी थोडं ढोबळ मोजलेलं कामाला येतं. सरासरीइतकंच लक्ष सर्वात मोठ्या आकड्यावर आणि आकड्यांच्या पसाऱ्यावर द्यावं. ताण सगळीकडून सारखा जास्त असेल तर ओंडका समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने कापून तोल राखत चिरता येतो. एकाच बाजूला साठलेला ताण करवतीला चकवतो. चारच जागांना वेळ असेल तर निदान त्यातली एक झुकावाच्या वरच्या बाजूला घ्या.

झुकलेल्या झाडात काय वेगळं होतं?

निलगिरी, पॉपलर, बीच अशी रुंदपर्णी झाडं कलली की वरच्या बाजूला टेन्शन वुड घालतात. अनेक प्रजातींत त्याच्या तंतूंच्या आत जवळजवळ निव्वळ सेल्युलोजचा जेलीसारखा थर असतो, धागे जवळपास उभे असतात आणि ओढ फार जोरकस असते. असं लाकूड करवतीवर लोकरीसारखं निघतं आणि वाळताना लांबीलाही नेहमीपेक्षा जास्त आकसतं.

एक सावधगिरी: झाड आज सरळ आहे म्हणून ते नेहमी सरळ होतं असं नाही. लहानपणी कलून नंतर सरळ झालेल्या झाडात टेन्शन वुड आत गाडलेलं असतं आणि पृष्ठभागावरचा गेज त्याबद्दल गप्प राहतो. बुंध्याशी किंचित कोयत्यासारखा बाक दिसला तर तो नोंदवून ठेवा.

पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांतही हेच का?

साध्या लाकडात हो, बाहेर ओढच असते, सहसा रुंदपर्णी झाडांपेक्षा सौम्य. पण कललेलं सूचिपर्णी झाड खालच्या बाजूला कॉम्प्रेशन वुड घालतं आणि ते झाडाला खालून वर रेटतं. तिथे चिन्ह उलटतं: खाचा पाडल्यावर गेज लांब होतो. हे माहीत नसेल तर माणूस यंत्र बिघडलं समजून वाचन फेकून देतो.

झाड लवकर वाढलं की ताण जास्त, हे खरं का?

सरसकट खरं नाही. जाड झाडात ताण जास्त असतो असा साधा नियम हाती लागत नाही. वेगापेक्षा बदल जास्त घातक दिसतो. दाट लागवडीत अचानक जोरात विरळणी केली, एका बाजूला उजेड आला, शेंडा तिकडे वळू लागला, की खोड टेन्शन वुड घालायला लागतं. सारख्या अंतरावर, चहूबाजूंनी सारखा उजेड मिळालेलं झाड लवकर वाढूनही निवांत असू शकतं.

ध्वनिवेग मोजणारं यंत्र वापरून हे काम होत नाही का? त्याला भोकही लागत नाही.

खोडात दोन टोच्या ठोकून हातोडीच्या ठोक्याची लहर किती वेगाने जाते ते मोजणारी यंत्रं चांगली आहेत, पण ती दुसरीच गोष्ट सांगतात. घनता गुणिले वेगाचा वर्ग म्हणजे लाकडाचा ताठपणा. ओल्या लाकडाची घनता घनमीटरला १,००० किलो आणि वेग सेकंदाला ४,००० मीटर असेल तर १६ गिगापास्कल. हा ताठपणा आहे, ताण नाही. दोन्हींमागे मायक्रोफायब्रिल कोन असल्यामुळे ते कधी कधी हातात हात घालून चालतात, कधी नाही. ज्या लागवडीत ते जुळतात हे भोकं पाडून पडताळलं आहे तिथेच ध्वनिवेगावर चाळणी लावावी. स्ट्रेनचा ताण काढायला ताठपणा लागतो, म्हणून दोन्ही यंत्रं बरोबर नेली तर उत्तम.

मोजायला कुठला ऋतू, कुठली वेळ चांगली?

साल सुटते तो काळ सोयीचा, बाकी ऋतूंतही चालतं. वारा असेल तर थांबा, कारण हलणारं खोड स्वतःचाच स्ट्रेन वाचनात मिसळतं. ऊन थेट सोललेल्या जागेवर पडू देऊ नका. लाकूड पूर्ण वाळताना लांबीला साधारण ०.१ ते ०.२ टक्के आकसतं, म्हणजे १,००० ते २,००० मायक्रोस्ट्रेन. आपण जे मोजायला आलो आहोत त्याच तोडीचा हा आकडा आहे. साल काढून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत वाळण्याची सुरुवात झालेली असते. एका जागेची साल काढा, मोजा, मगच पुढची काढा.

झाडाचं नुकसान होतं का?

होतं, थोडं. २० मिलिमीटरची आठ भोकं म्हणजे आठ जखमा, त्यांतून बुरशी शिरू शकते, आणि ओंडक्याच्या सर्वात किमती भागात डाग राहतो. म्हणून अख्ख्या लागवडीवर हे करत नाहीत, नमुन्याच्या झाडांवर करतात. बियाण्यासाठी राखलेल्या झाडावर मी चारच्या वर जात नाही. अचूकता गेली तरी झाड राहतं.

कमी ताणाचं झाड निवडून त्याची रोपं केली तर ताण पुढच्या पिढीत कमी होतो का?

थोड्या प्रमाणात होतो, आणि ‘किती’ हे प्रजातीप्रमाणे बदलतं. काही अभ्यासांत आनुवंशिकता बरी दिसते, काहींत फिकी. अडचण वेळेची आहे. झाड मोठं होऊन मोजेपर्यंत निम्मं आयुष्य जातं. न्यूझीलंडमध्ये कँटरबरी विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर सुटसुटीत उपाय धरला: एक-दोन वर्षांची रोपटीच कापायची, खोडाचा तुकडा गाभ्यातून उभा चिरायचा आणि दोन्ही फाकी टोकाला किती उघडल्या ते मोजायचं. स्ट्रेन हा उघडीप आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो आणि चिरेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. युकॅलिप्टस बोसिस्टोआना या निलगिरीसारख्या टिकाऊ लाकडाच्या प्रजातीत त्यांनी अशी मोठी चाळणी लावली. रोपटं मरतं खरं, पण बुंध्यातून फुटवे येणारी प्रजाती असेल तर निवडलेला वंश हातात राहतो.

मोजलेल्या ताणावरून अमुक फळी किती वाकेल ते सांगता येईल का?

अंदाज येतो, हमी नाही. समजा १५ सेंटिमीटर रुंदीच्या फळीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत स्ट्रेनचा फरक १,००० मायक्रोस्ट्रेन आहे आणि तो सारखा चढत जातो. फळी ३ मीटर लांब असेल तर मधला बाक साडेसात मिलिमीटर येतो. तीच फळी दीड मीटरची केली तर दोन मिलिमीटरहूनही कमी, कारण बाक लांबीच्या वर्गाने वाढतो. पण तुमच्याकडे मोजलेला आहे तो पृष्ठभागाचा ताण. आत तो कसा उतरत जातो हे क्यूब्लरच्या गोल, आदर्श खोडावरून गृहीत धरलेलं असतं, आणि खरं खोड तसं नसतं. झाडांची क्रमवारी लावायला हा आकडा चांगला, एकेका फळीचं भविष्य सांगायला नाही.

झाड पाडल्यावर ताण घालवता येतो का?

काही प्रमाणात. ओंडके ८० ते १०० अंश सेल्सिअसला वाफेत किंवा गरम पाण्यात ठेवले की लिग्निन मऊ होतं आणि ताण बराच सैलावतो. मात्र तापतानाच तोंडाच्या चिरा वाढतात, म्हणून ओंडका थोडा लांब ठेवून टोकं नंतर छाटतात. पाण्याच्या फवाऱ्याखाली ठेवल्याने तोंडं वाळत नाहीत, नव्या चिरा कमी पडतात. पाडण्याआधी खोडाभोवती साल काढून झाड उभंच मारण्याचा प्रयोगही केला जातो, पण निकाल कधी होकारार्थी, कधी शून्य. तोंडाला ठोकतात त्या लोखंडी पट्ट्या आणि एसच्या आकाराच्या चापा ताण घालवत नाहीत, फक्त चीर रुंदावू देत नाहीत.

चीर ताणाची की वाळण्याची, हे कसं ओळखायचं?

वेळेवरून. काप दिल्यावर मिनिटांत किंवा तासांत मध्यातून निघालेली, रुंद आणि खोल जाणारी चीर ताणाची. दिवसांनी पडणाऱ्या बारीक बारीक भेगा वाळण्याच्या. उशिरा पोहोचलात तर दोन्ही मिसळलेल्या असतात आणि मग ओळखणं अवघड.

वहीत काय काय लिहायचं?

झाडाचा क्रमांक, व्यास, प्रत्येक वाचन उत्तरेपासून किती अंशांवर ते, झुकाव कुठे आणि किती, शेंडा कुठल्या बाजूला जड, बिट कधी बदललं, हवा. आणि एक गोष्ट वहीत नाही, झाडावर: पाडण्याआधी उत्तरेच्या बाजूने खोडावर वरपासून खालपर्यंत रंगाची उभी रेघ ओढा आणि ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर तीच खूण करा. ती नसेल तर सॉ मिलच्या अंगणात गोल ओंडक्यांच्या ढिगासमोर उभं राहून १४८ वाली बाजू कुठली हे कुणालाही सांगता येत नाही.